गाडीच्या पाटीवरचा भारत

मला कर चुकवायचा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. शेजारच्या राज्यातून गाडी आणली म्हटलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ओळखीचं हसू येतं. 'किती वाचले?' असा त्याचा अर्थ असतो. काहीच वाचले नाहीत. गाडीची शोरूम किंमत आठ लाख रुपये. १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर महाराष्ट्र ११ टक्के एकरकमी कर घेतो, म्हणजे ८८ हजार. ते मी भरले, महाराष्ट्रालाच भरले. कर्नाटकात ५ ते १० लाखांच्या गाडीवर १४ टक्के कर आहे, वर उपकर वेगळा. तेव्हा कर वाचवण्यासाठी धावपळ करायचीच असती तर ती बेळगावच्या माणसाने चंदगडकडे करायला हवी होती. मी उलट्या दिशेने कशाला जाईन?

गेलो, कारण बेळगाव जवळ आहे. एवढं साधं कारण आहे, आणि आपल्या मोटार वाहन कायद्यात नेमकं त्यालाच जागा नाही.

मी चंदगड तालुक्यात राहतो. काजू फोडण्याचा लहानसा कारखाना आहे, हंगामात वीस-बावीस बायका कामाला असतात. आमच्यापासून बेळगाव चाळीसेक किलोमीटर, कोल्हापूर शंभराच्या वर. आई आजारी पडली तेव्हा दवाखाना बेळगावचा. बहिणीच्या लग्नाचा बस्ता बेळगावचा. कारखान्यातल्या बॉयलरचा सुटा भाग हवा झाला की बेळगाव. १९५६ पर्यंत तर चंदगड बेळगाव जिल्ह्यातच होता. राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, त्यातून एकटा चंदगड तालुका अलीकडे राहिला. आजोबांचं जिल्ह्याचं गाव बेळगाव होतं, माझं कोल्हापूर झालं. कागद बदलला, बाजार बदलला नाही.

तर २०२५च्या दिवाळी पाडव्याला गाडी घ्यायची ठरलं. २२ सप्टेंबरपासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला होता, त्यामुळे सगळीकडे गर्दी होती. कोल्हापुरात आम्हाला हवं ते मॉडेल मिळायला दोन महिने थांबावं लागणार होतं. बेळगावात ती गाडी उभी होती. शिवाय सर्व्हिसिंग कुठे करणार? बेळगावातच. गाडी बिघडली तर टोचन लावून कुठे नेणार? बेळगावातच. मग विकत तेवढी कोल्हापुरात का घ्यायची?

बेळगावच्या दुकानातला मुलगा मराठीत बोलत होता. त्याने गाडी दाखवली, चालवायला दिली, भावात थोडं खाली आला. मग विचारलं, "काका, पासिंग कुठलं?" मी म्हटलं, महाराष्ट्र. त्याने पेन खाली ठेवलं. "मग टीआर करून देतो. पुढचं तुमचं तुम्ही बघायचं."

टीआर म्हणजे तात्पुरती नोंदणी. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांतला नंबर, ठरावीक मुदतीचा. ती घेऊन गाडी आपल्या राज्यात आणायची आणि मुदतीच्या आत कायमची नोंदणी करून घ्यायची. हे सगळं कायदेशीर आहे. माझी तक्रार बेकायदा गोष्टीबद्दल नाहीच, जे कायदेशीर आहे त्याबद्दल आहे.

पुढचं मी बघितलं ते असं. फॉर्म २१, म्हणजे विक्रेत्याचा दाखला. फॉर्म २२, गाडी रस्त्यावर चालायला योग्य असल्याचा कंपनीचा दाखला. फॉर्म २०, नोंदणीचा अर्ज. बिल, विमा, टीआरचा कागद, पत्त्याचा पुरावा, पॅन. हे घेऊन कारखाना बंद ठेवून कोल्हापूरला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी कागद नीट चाळले आणि फॉर्म २१ परत दिला. पत्त्यात गाव बरोबर, तालुका चंदगड बरोबर, जिल्हा मात्र बेळगाव छापलेला. दुकानातल्या मुलाने सवयीने टाकला असणार. ७० वर्षांपूर्वी तो बरोबर ठरला असता. बाई म्हणाल्या, "हे दुरुस्त करून आणावं लागेल, काका." त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बेळगाव, त्यानंतर गाडी घेऊन पुन्हा कोल्हापूर. इन्स्पेक्टरांनी चेसिस नंबर पाहिला, इंजिन नंबर पाहिला, पाच मिनिटांत काम झालं. नंबर मिळाला. आता पाटी. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी पाटी कंपनीने विक्रेत्यामार्फत द्यायची असते. माझा विक्रेता बेळगावात. म्हणजे महाराष्ट्राने दिलेला नंबर कर्नाटकात जाऊन लावून घ्यायचा. पुन्हा बेळगाव.

या सगळ्यात मला कोणी चहापाणी मागितलं नाही, कोणी उद्धट बोललं नाही, कोणी मुद्दाम अडवलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे. आपल्याकडे आरटीओवर लिहायचं म्हणजे एजंट आणि लाच यांवर लिहायचं, अशी पद्धत पडली आहे. त्यामुळे एक मोठा गैरसमज पोसला जातो, की माणसं सुधारली की काम सुधारेल. माझ्या कामात माणसं चांगली होती. तरीही धड चार दिवस आणि सहाशे किलोमीटर गेले, ते एका नव्याकोऱ्या, पूर्ण पैसे आणि पूर्ण कर भरलेल्या गाडीला एक नंबर मिळण्यासाठी.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४६ सांगतं, की एका राज्यात झालेली नोंदणी साऱ्या भारतात ग्राह्य. म्हणजे नोंदणी तत्त्वतः राष्ट्रीय आहे. कलम ४० सांगतं, की मालक जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी जिथे एरवी ठेवली जाते, तिथे नोंदणी करायची. २०१९च्या दुरुस्तीने यात सवलत दिली: राज्यातल्या कुठल्याही नोंदणी कार्यालयात चालेल. चांगली सवलत आहे. तिचा अर्थ असा, की चंदगडचा माणूस आपली गाडी गडचिरोलीत नोंदवू शकतो, बेळगावात नाही. याच दुरुस्तीने कलम ४१मध्ये आणखी एक सोय केली: नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा. मालकाने चकरा मारायच्या नाहीत. अट एकच, विक्रेता त्याच राज्यातला हवा.

ही अट कशासाठी? पूर्वी समजू शकलो असतो. प्रत्येक कार्यालयाचं जाड रजिस्टर वेगळं, पलीकडच्या राज्यातला दुकानदार खरा की खोटा हे कळायला मार्ग नाही. आज 'वाहन' ही संगणकप्रणाली देशभराची आहे. माझी तात्पुरती नोंदणी बेळगावात झाली ती तिच्यावरच, कायमची कोल्हापुरात झाली तीही तिच्यावरच. एकाच वहीच्या दोन पानांमध्ये मला माणूस म्हणून हेलपाटे घालायला लावले गेले.

आणि हे होऊ शकत नाही, असं कोण म्हणेल? त्याच गाडीच्या त्याच बिलावर आयजीएसटी लागला होता. माझा पत्ता महाराष्ट्रातला, म्हणून राज्याचा वाटा महाराष्ट्राकडे. तो बेळगावच्या दुकानदाराने घेतला, केंद्राकडे भरला, आणि पुढचा हिशेब दोन्ही सरकारांनी आपापसात केला. मला कोणी सांगितलं नाही की हा कागद घेऊन मुंबईला जा. आठ लाखांच्या बिलात सव्वा लाखाच्या आसपास हा कर आहे, रस्त्याच्या करापेक्षा जास्त. मोठी रक्कम बसल्या जागी सीमा ओलांडते, लहान रकमेसाठी माणसाने सीमा ओलांडायची. फास्टॅगचंही तेच. काचेवरची एक चिठ्ठी काश्मीरपासून केरळपर्यंत टोल कापते, पैसे ज्याचे त्याला जातात. राज्यांमधला हिशेब राज्यांनी करायचा की नागरिकाने, एवढाच हा प्रश्न आहे.

इथपर्यंत मी चडफडत का होईना गप्प बसलो असतो. बोलावंसं वाटलं ते आमच्याच गल्लीतल्या एका गाडीमुळे.

माझ्या घरापासून चार घरं सोडून एक गृहस्थ राहतात, सरकारी बँकेत आहेत. सज्जन माणूस, माझा मित्र. त्यांच्या गाडीला बीएच नंबर आहे. बीएच म्हणजे भारत. ही मालिका केंद्र सरकारने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर केली आणि १५ सप्टेंबर २०२१पासून लागू केली. तिच्या पाटीवर राज्याचं नाव नसतं. बदली झाली तर नवा नंबर घ्यायचा नाही, कर पुन्हा भरायचा नाही. १५ वर्षांचा कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरायचा. कर मोजण्याचे दर देशभर सारखे: १० लाखांपर्यंत ८ टक्के, २० लाखांपर्यंत १०, त्यावर १२. डिझेल असेल तर २ टक्के जास्त, विजेची गाडी असेल तर २ टक्के कमी. कर भरायला उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये दंड. अगदी शहाणपणाची व्यवस्था आहे. मी वाचलं तेव्हा मला खरोखर आनंद झाला.

मग कोणाला मिळते ते वाचलं. सैन्यदलातले लोक, केंद्र आणि राज्य सरकारचे कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांचे कर्मचारी, आणि ज्यांच्या खासगी कंपनीची कार्यालयं चार किंवा अधिक राज्यांत आहेत असे नोकरदार. संपली यादी.

माझी कार्यालयं चार राज्यांत नाहीत. माझे काजूगर मात्र चार राज्यांत जातात. कर्नाटक, गोवा, गुजरात आणि आपलं राज्य. माल घेऊन मी स्वतः या राज्यांत फिरतो, बँकेतला माझा मित्र वर्षातून एकदा तिरुपतीला जातो. पण कायद्याच्या लेखी फिरता माणूस तो, आणि एका जागी बसलेला मी.

बदलीची नोकरी असलेल्यांना त्रास होतो, म्हणून ही मालिका आणली असं सांगितलं जातं. त्रास होतो हे खरंच आहे. कलम ४७प्रमाणे गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. आधी जुन्या राज्याचं ना हरकत प्रमाणपत्र, मग नव्या राज्याचा कर, मग जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या परताव्यासाठी अर्ज. नवे पैसे आधी जातात, जुने परत येतील तेव्हा येतील. पण हा त्रास फक्त बदलीवाल्यांना होतो का? माझा पुतण्या बंगळुरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. वर्कशॉप एक, राज्य एक. पोटासाठी गाव सोडलेल्या या मुलाला बीएच मिळत नाही. कंपनीने पाठवलेल्या इंजिनिअरला मिळते. पुतण्या तिथे दोन वर्षं राहील की बारा, त्याला माहीत नाही. कायद्याला मात्र बारा महिन्यांत उत्तर हवं आहे. कर्नाटकाने तर २०१४मध्ये ही मुदत ३० दिवसांवर आणली होती, त्यानंतर थेट आजीवन कर. २०१६मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, म्हणून बाहेरच्या नंबराच्या हजारो माणसांचा जीव भांड्यात पडला.

ऊसतोडीला, बांधकामाला, हॉटेलात, वीटभट्टीवर जाणारी माणसं या देशात सर्वांत जास्त राज्यं ओलांडतात. त्यातल्या ज्याने घाम गाळून जुनी-पुरती चारचाकी किंवा मोटारसायकल केली असेल, त्याच्या पाटीवर राज्य असणारच. भारत असायला महिन्याच्या महिन्याला पगाराची स्लिप लागते.

म्हणून मी बीएच मालिकेला सवलत मानत नाही, ती कबुली आहे. सरकारने मान्य केलं आहे, की राज्यागणिक नंबर आणि एकदम भरायचा आजीवन कर या दोन्ही गोष्टी माणसाला विनाकारण छळतात. एक दर, थोडा थोडा कर आणि राज्याविना पाटी या तिन्ही गोष्टी करता येतात, हेही स्वतः करून दाखवलं आहे. आणि हे सगळं सिद्ध झाल्यावर ते आपल्या लोकांपुरतं ठेवलं आहे.

यावर तीन आक्षेप येतील, त्यांना टाळायचं नाही.

पहिला, घटनेचा. वाहनांवरचा कर हा राज्यांचा अधिकार आहे, राज्यसूचीतली ५७वी नोंद. बरोबर. पण त्याच नोंदीत ती समवर्ती सूचीतल्या ३५व्या नोंदीच्या अधीन असल्याचं लिहिलं आहे. आणि ती ३५वी नोंद म्हणते, की यांत्रिक वाहनांवर कर कोणत्या तत्त्वांवर लावायचा हे ठरवण्याचा अधिकार संसदेलाही आहे. घटना लिहिणाऱ्यांना गाडी सीमा ओलांडते हे ठाऊक होतं. दार त्यांनी ठेवलेलं आहे, उघडायचं आपण राहिलो आहोत.

दुसरा, राज्यांच्या तिजोरीचा. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतःचे कर फार उरले नाहीत: पेट्रोल-डिझेल, दारू, मुद्रांक शुल्क, आणि वाहनं. एकरकमी कर सोडून दोन-दोन वर्षांनी घ्यायचा म्हणजे आजचे पैसे उद्यावर ढकलायचे. शिवाय लोक विसरतील, बुडवतील. ही भीती खोटी नाही. पण ती बँकवाल्या मित्राबद्दल वाटत नसेल आणि माझ्याबद्दल वाटत असेल, तर तिला भीती म्हणू नये, वेगळा शब्द वापरावा. आणि राज्याला एकरकमीच हवे असतील तर मी तेही देतो. दिलेच आहेत. माझी मागणी कर कमी करा अशी नाही.

तिसरा, चोरांचा. नियम सैल केले तर सगळे स्वस्त राज्यात जाऊन नोंदणी करतील. इथे पुदुच्चेरीची आठवण काढली जाते. २०१७मध्ये केरळात गाजलेलं ते प्रकरण: लाखो-कोटींच्या आलिशान गाड्या, मालक केरळातले, नोंदणी पुदुच्चेरीची, कारण तिथे कर फार कमी. पण ते कसं जमलं, ते बघा. तिथला पत्ता दाखवून. म्हणजे आजची कडक व्यवस्था चालू असतानाच ते घडलं. ज्याच्याकडे दुसऱ्या राज्यात पत्ता उभा करायची ऐपत आहे त्याला ही व्यवस्था अडवत नाही. खरा पत्ता लिहिणाऱ्याला मात्र ती चार दिवस फिरवते. आणि दर देशभर सारखे असतील, तर स्वस्त राज्य शोधत जाण्याचं कारणच संपतं. चोरीवरचा उपाय बीएचमध्येच आहे.

आमच्याकडे राहून हा विषय काढला की आणखी एक गोष्ट खुपते. सीमाप्रश्न आम्ही जन्मापासून ऐकतो. महाराष्ट्राचा दावा २००४पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबर आला की बेळगावात काळा दिवस पाळतात, तणाव वाढला की दोन्हीकडच्या बस शिनोळीच्या आसपास थांबतात, नेते येतात, भाषणं होतात. त्या दाव्याबद्दल मला आदर आहे, माझे नातेवाईक त्यात पिचले आहेत. पण इतक्या वर्षांत एकाही भाषणात मी असं ऐकलं नाही, की नकाशाचं काय व्हायचं ते होईल, तोवर या पट्ट्यातल्या माणसाचं रोजचं जगणं तरी सोपं करू. दवाखान्याचं कार्ड, मुलांचे दाखले, रेशन, गाडीचं पासिंग. जमीन कोणाची यावर दोन्ही सरकारं एक इंच मागे हटत नाहीत. त्या जमिनीवर राहणाऱ्याचा कागद मात्र दोघांनाही परका वाटतो.

म्हणून माझं म्हणणं तीन ओळींत मांडतो. एक, बीएच मालिकेवरची नोकरीची अट काढा. ज्याला हवी त्याला द्या, ज्याला आपल्या राज्याचा नंबर प्रिय आहे त्याने तो घ्यावा. दोन, कलम ४१मधली 'त्याच राज्यातला विक्रेता' ही अट काढा. अधिकृत विक्रेता देशात कुठलाही असो, त्याने खरेदीदाराच्या राज्यात अर्ज करावा, तिथला कर भरावा, पाटी लावून गाडी हातात द्यावी. तीन, माणूस राज्य बदलून गेला तर उरलेला कर एका राज्याने दुसऱ्या राज्याच्या खात्यात टाकावा, माणसाला मधे घेऊ नये. यातली पहिली गोष्ट केंद्राला नुसत्या अधिसूचनेने करता येईल, २०२१मध्ये तशीच केली होती. दुसरीला कायद्यात दुरुस्ती लागेल. तिसरीला राज्यांना एका टेबलाशी बसावं लागेल, आणि जीएसटी परिषदेत ती बसतातच.

माझ्या गाडीला एमएच ०९ मिळालं. नंबर चांगला आहे, बायकोने लगेच आकड्यांची बेरीज केली आणि तिला ती पटली. बँकवाल्या मित्राने पेढे खाल्ले आणि म्हणाला, "एवढ्या चकरा मारल्यास, कोल्हापुरातच घ्यायची होतीस." त्याच्या बाजूने ते बरोबरच आहे. त्याची पुढची बदली कदाचित हुबळीला होईल. गाडी आहे तशी घेऊन जाईल.

माझी पहिली सर्व्हिसिंग पुढच्या महिन्यात आहे. बेळगावात.